नातवंडांकडे अमेरिकेत उन्हाळा काढायला जाताय? मग हे वाचून जा

पहिली गोष्ट तारखांची, कारण बरेच जण तिथेच फसतात. आपल्या डोक्यात उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे एप्रिल-मे, त्यामुळे इकडच्या उकाड्यातून सुटका होईल म्हणून एप्रिलच्या शेवटी तिकिटं काढली जातात, आणि तिकडे पोचल्यावर कळतं की नातू सकाळीच पिवळ्या बसने शाळेत जातो तो दुपारी तीन-साडेतीनला उगवतो. न्यू जर्सी-न्यूयॉर्क साइडला शाळा जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत चालू असतात आणि सप्टेंबरचा पहिला सोमवार, म्हणजे त्यांचा लेबर डे, झाला की साधारण परत सुरू. टेक्सासला मात्र मेच्या शेवटी सुट्टी लागते आणि ऑगस्टच्या मध्यालाच शाळा उघडतात. तेव्हा मुलाला किंवा लेकीला आधी शाळेचं कॅलेंडर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगा आणि मगच तिकिटाचं बघा. शाळा सुटायच्या आठ-दहा दिवस आधी पोचलेलं बरं, कारण पहिला आठवडा तुम्ही पहाटे तीनला टक्क जागे आणि दुपारी जेवणाच्या ताटावर पेंगताय, अशा अवस्थेत पाच वर्षांचं पोर सांभाळणं काही खरं नाही.

राहायचं किती? व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला किती राहता येईल ते तिकडच्या विमानतळावरचा ऑफिसर ठरवतो, बहुतेकांना सहा महिने मिळतात, आणि ती तारीख आय-९४ मध्ये, म्हणजे तुमच्या अमेरिकेतल्या प्रवेशाच्या ऑनलाइन नोंदीत दिसते, ती पोचल्या पोचल्या मुलाकडून बघून घ्या. पण सहा महिने मिळाले म्हणून सहा महिने राहायलाच पाहिजे असं नाही हो. माझ्या मते दोन-अडीच महिने भरपूर झाले. शाळा सुरू झाली की घर दिवसभर रिकामं, बाहेर जायचं तर गाडी लागते, आणि मग आजोबा खिडकीशी बसून समोरच्या रस्त्यावरून किती गाड्या गेल्या ते मोजत बसतात. गणपतीला परत यायचं असं ठरवून जा, मन रमतं.

निघायच्या आधी इकडची कामं. जून ते सप्टेंबर म्हणजे घर ऐन पावसाळ्यात बंद, तेव्हा शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन अधूनमधून खिडक्या उघडायला सांगा नाहीतर कपाटातल्या साड्यांना बुरशी आणि तांदळाला किडे ठरलेले. इन्कम टॅक्स रिटर्नची ३१ जुलैची तारीख मधेच येते, ते भरूनच निघा किंवा सीएकडे सगळे कागद देऊन ठेवा. फोनचं रिचार्ज परत येईपर्यंतचं करा आणि रोमिंगवर एसएमएस येतात की नाही ते कंपनीला विचारून घ्या, कारण बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येणार आणि तो आला नाही तर पेन्शनचे पैसे असून नसल्यासारखे.

औषधांचं जरा नीट करा. जितके दिवस राहणार त्याच्यापेक्षा पंधरा दिवसांची जास्त घ्या, मूळ पाकिटातच ठेवा, स्ट्रिप कापून डबीत भरू नका, आणि डॉक्टरांकडून औषधाच्या मूळ नावांसकट प्रिस्क्रिप्शन टाइप करून घ्या. सगळी औषधं हातातल्या बॅगेत. इन्सुलिन तर खाली सामानात टाकायचंच नाही, तिथल्या थंडीने गोठलं की वाया. दातांचं काही दुखणं असेल तर इकडेच उरकून घ्या, तिकडे दाताचा खर्च ऐकूनच दात पडतील आणि व्हिजिटर इन्शुरन्समध्ये दात बहुतेक वेळा नसतातच. चष्म्याचा जास्तीचा जोड घ्या. आणि इन्शुरन्स घेताना आधीपासूनचं बीपी-शुगर-हार्टचं काय, हे वाक्य मुलाला वाचायला लावा, त्यातच सगळी मेख असते.

आता बॅगा, हा सगळ्यांचा आवडता विषय. नातवाला हापूस खायला घालायची कितीही इच्छा असली तरी ताजी फळं नाहीत, भाज्या नाहीत, बिया नाहीत, कढीपत्तासुद्धा नाही. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, पापड, शेवया, लोणचं हे लोक नेतात, फक्त फॉर्मवर किंवा विचारलं तर खाण्याचे पदार्थ आहेत असं सरळ सांगायचं. लपवलं आणि सापडलं तर दंड, सांगितलं आणि नाही चाललं तर फार तर काढून घेतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घेऊ नका, त्यात तेल असतं आणि विमानाच्या नियमांत ते पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतं. आणि दुबई-अबुधाबीवरून जाणार असाल तर खसखस अजिबात नको, तिथे ती बेकायदा आहे, पुडी असली तरी. मिक्सर पण नेऊ नका, तिकडे करंट १२० व्होल्टचा, आपला मिक्सर नुसता कण्हत बसतो. व्हीलचेअर मात्र तिकीट काढतानाच सांगून ठेवा. चालता येतंय की, कशाला उगीच, असं म्हणू नका. मुंबईहून थेट विमान असलं तरी पंधरा-सोळा तासांचा प्रवास, त्यानंतर इमिग्रेशनची ती लांबलचक रांग, आणि व्हीलचेअर ढकलणारा माणूस बरोबर असला की कुठे वळायचं हा प्रश्नच उरत नाही.

हे झालं जाण्याचं. खरी गोष्ट पुढे आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. तुम्ही नायगारा बघायला जाताय ते दोन दिवस, बाकीचे साठ-सत्तर दिवस तुम्ही, नातवंडं आणि एक मोठं शांत घर. मुलगा-सून दोघं वरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर मीटिंगमध्ये, नाहीतर ऑफिसात. जूनअखेर न्यू जर्सीला सूर्य साडेआठला मावळतो, म्हणजे पोराच्या हिशोबाने दिवस संपतच नाही. हा दिवस कसा घालवायचा ते जायच्या आधी फोनवर बोलून घ्या, अगदी स्पष्ट.

काय बोलायचं? एक, समर कॅम्प. तिकडे सुट्टीत मुलांना कॅम्पला घालतात, आठवड्याला शेकडो डॉलर लागतात, आणि तुम्ही येताय म्हटल्यावर मुलगा म्हणणार की या वर्षी कॅम्प नको, आजी-आजोबा आहेतच. तिथे हसून हो म्हणू नका. अर्धा दिवस कॅम्प आणि दुपारनंतर आजी-आजोबा हे सगळ्यात बेस्ट. पोराला त्याच्या वयाची मुलं मिळतात, तुम्हाला सकाळचा चहा शांतपणे मिळतो. कॅम्पची नावनोंदणी जानेवारी-फेब्रुवारीतच भरत येते, म्हणून हे आधी बोलायचं. दोन, दुपारी एक तास तुमचा आडवं व्हायचा, तो वेळ पोराचं कोण बघणार. तीन, टीव्ही आणि आयपॅड किती वेळ, गोड किती, जेवताना कार्टून चालतं का. हे नियम सूनबाईंचे (किंवा जावईबापूंचे) आहेत, पटोत न पटोत, पोरासमोर मोडायचे नाहीत. पटलं नाही तर रात्री पोर झोपल्यावर सांगा. आमच्या वेळी असं नव्हतं, हे वाक्य मात्र भारतातच ठेवून जा.

मग रोजचं. पब्लिक लायब्ररी ही तिकडची सगळ्यात भारी जागा, आणि फुकट. गावात राहणाऱ्यांना कार्ड मिळतं, एसी असतो, स्वच्छ बाथरूम असतं, लहान मुलांसाठी गोष्टी सांगायचा तास असतो, आणि उन्हाळ्यात समर रीडिंग म्हणून एक प्रकार चालतो, पोराने किती पुस्तकं वाचली ते लिहून ठेवायचं आणि शेवटी बक्षीस. पोराला पुस्तक मोठ्याने वाचायला लावा आणि तुम्ही मराठीत विचारा, मग अस्वल कुठे गेलं? त्याला इंग्लिश वाचायचंय, तुम्हाला मराठी बोलायचंय, दोघांचं भागतं. पोर इंग्लिशमध्येच उत्तर देईल, देऊ दे. तुम्ही मराठी सोडू नका एवढंच, आणि पाहुण्यांसमोर "याला मराठी येत नाही हो" असं म्हणू नका, ते त्याला बरोब्बर कळतं.

पत्त्यांचा कॅट इकडून घेऊन जा. बदाम सात पाच वर्षांच्या पोराला चटकन जमतं, त्यात फक्त आकडा आणि रंग ओळखायचा असतो. गड्डा झब्बूला तर काहीच अक्कल लागत नाही, फक्त मोठ्याने ओरडायचं. जरा मोठी असतील तर मेंढीकोट शिकवा, जोडीदार आजोबा द्या, मग बघा. पावसाळी दिवसाला आणि कंटाळवाण्या दुपारला याच्यासारखं दुसरं काही नाही.

स्वयंपाकघरात पोराला हाताशी घ्या, पण काम त्याच्या मापाचं द्या. थालीपीठ एक नंबर. ओल्या कापडावर गोळा ठेवायचा, हाताला पाणी लावून थापायचं, पोराचे हात छोटे म्हणून थालीपीठ पण पुरीएवढंच होतं, आणि मग बोटाने भोकं पाडायची. भोकं पाडणं हे त्याच्यासाठी मुख्य काम. मधे एक आणि बाजूने चार म्हटलं तर तो दहा-बारा पाडतो, पाडू द्या, तेल सगळीकडे पोचतं. स्वतः पाडलेल्या भोकांचं थालीपीठ पोरगं खातंच, एरवी घास घेऊन मागे धावावं लागतं. शेगडी बहुतेक काचेची सपाट असते, बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते आणि वरून कळत नाही, तेव्हा पोराला त्या बाजूला फिरकू देऊ नका. फोडणी द्यायच्या आधी एक्झॉस्ट फॅन लावा, नाहीतर लाल मिरची पडली की छतावरचा स्मोक अलार्म असा काही बोंबलतो की वरची मीटिंग खाली येते.

इथे एक कळीची गोष्ट. आपल्या खिचडीत दाण्याचं कूट, कोशिंबिरीत कूट, लाडू दाण्याचे. तिकडे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेली मुलं बरीच भेटतात आणि ती साधी खाज नसते, श्वास बंद होण्यापर्यंत जातं. नातवाचा मित्र खेळायला आला आणि प्रेमाने लाडू हातावर ठेवला असं करू नका. आधी त्याच्या आईबापाला विचारायचं, नाही विचारता आलं तर काहीच द्यायचं नाही. वाईट दिसलं तर दिसू दे.

बाहेर नेताना. गाड्या तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, आपण रस्ता ओलांडताना सवयीने आधी उजवीकडे बघतो आणि गाडी येते डावीकडून. पहिले काही दिवस पोराचा हात धरून "आधी डावीकडे" असं मोठ्याने म्हणा. चौकात सिग्नल लाल असला तरी बऱ्याच ठिकाणी गाडीला उजवीकडे वळायची मुभा असते, तेव्हा चालायचा सिग्नल मिळाला तरी वळणाऱ्या गाडीकडे बघूनच पाऊल टाका. सायकल चालवताना पोराच्या डोक्यावर हेल्मेट पाहिजे, न्यू जर्सीत १७ वर्षांखालच्यांना तो कायदाच आहे. कुठेही जाताना मुलाच्या घरचा पत्ता आणि दोन फोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, फोनची बॅटरी नेमकी बागेतच संपते. आणि ९११, म्हणजे तिकडचा पोलीस-अ‍ॅम्ब्युलन्स-फायर ब्रिगेडचा इमर्जन्सी नंबर, कधी लावायचा, फोनवर घरचा पत्ता कसा सांगायचा ते एकदा मुलाकडून पाठ करून घ्या, नातवंडांना तो नंबर बहुतेक येत असतोच.

गोचीड म्हटलं की आपल्याला गाय-म्हैस आठवते, पण न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कनेटिकट भागात गवतात-झाडीत अगदी बारीक गोचीड असतात आणि काहींच्या चाव्याने लाइम नावाचा आजार होतो, कनेटिकटमधल्या लाइम गावावरूनच ते नाव पडलंय. पोर गवतात लोळून आलं की आंघोळीच्या वेळी कानामागे, काखेत, कमरेपाशी, गुडघ्याच्या मागे नीट बघा. तीळ वाटणारी गोष्ट आधी नव्हती असं वाटलं तर मुलाला दाखवा, चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ वर ओढून काढतात. स्वतःचे पण पाय बघा हो, बागेत तुम्हीही बसलेला असता.

आजोबांची वेगळी सोय लावा. न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या गावात सकाळी बागेत आपल्यासारखेच आलेले आजी-आजोबा भेटतात, गुजराती, तेलुगू, मराठी सगळे, आणि बाकावर राजकारण अगदी इकडच्यासारखंच रंगतं. तिथल्या ओक ट्री रोडवर भाजीपासून पूजेच्या सामानापर्यंत सगळं मिळतं. मुलाचं गाव असं नसेल तर जवळचं मराठी मंडळ शोधायला लावा, पिकनिक बहुतेक उन्हाळ्यातच असते. आणि शनिवार-रविवारातला एक दिवस तुम्ही फिरायचा, एक संध्याकाळ मुलगा-सुनेने दोघांनीच बाहेर जायचं, तुम्ही पोराला बघायचं. हे ठरवून टाकलं की कुणी कुणावर उपकार केल्यासारखं वाटत नाही.

जायची तारीख पोरापासून लपवू नका, रात्रीतून गायब झालेले आजी-आजोबा त्याला जास्त लागतात. कॅलेंडरवर त्याच्याच हाताने खूण करून घ्या, आणि त्याच वेळी पुढच्या फोनची वेळ पण ठरवा. रोज शक्य नसतं, आठवड्यातून दोनदा पण ठरलेल्या वेळी. न्यू जर्सीच्या उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेनऊ तास पुढे असतो, म्हणजे त्याच्या सकाळी आठच्या दुधाच्या वेळी आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच, ही वेळ दोघांनाही सोयीची. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडचं घड्याळ एक तास मागे जातं, मग तोच फोन आपल्याकडे साडेसहाला लावायचा.