लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्स चालत नाही? या चुका टाळा

व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम चालवणारं सॉफ्टवेअर, बसवताना एरर आली की बहुतेक जण ते काढून टाकतात आणि पुन्हा बसवतात. तरीही तीच एरर आली की पुन्हा एकदा. यात वेळ जातो आणि हाती काही लागत नाही, कारण दोष सहसा व्हर्च्युअलबॉक्सच्या स्वतःच्या फायलींमध्ये नसतोच. ब्राउझर किंवा म्युझिक प्लेअरसारखं हे साधं अ‍ॅप नाही. त्याचा एक भाग आपल्याला विंडोत दिसतो, तर दुसरा भाग, म्हणजे 'व्हीबॉक्सडीआरव्ही' हे मॉड्यूल, थेट कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, जाऊन बसतो. उबुंटू, डेबियन अशा बऱ्याच डिस्ट्रोंवर (लिनक्सच्या प्रकारांवर) हे मॉड्यूल तुमच्याच मशीनवर, तुमच्या कर्नलसाठी कंपाइल होतं, म्हणजे सोर्स कोडपासून तयार होतं. सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेला कोड लोड होऊ न देणारी सोय, चालू असेल तर मॉड्यूलवर डिजिटल सही लागते. मगच ते लोड होतं. गाडी कंपाइलवर अडली, सहीवर की लोड होताना, एवढं आधी शोधा.

सर्वांत जास्त दिसणारा संदेश 'कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड', सोबत उणे १९०८ हा आकडा. त्याच विंडोत रूट म्हणून 'व्हीबॉक्सकॉन्फिग' चालवा असं लिहिलेलं असतं. लोक ते चालवतात, ते फसतं, आणि शेवटची ओळ कॉपी करून शोधत बसतात. शेवटची ओळ फक्त 'झालं नाही' एवढंच सांगते. का झालं नाही, ते 'व्हीबॉक्स-सेटअप' नावाच्या लॉगमध्ये असतं. सिस्टीमचे बाकीचे लॉग जिथे असतात त्याच फोल्डरमध्ये तोही सापडेल. तो वरून वाचायला घ्या आणि पहिली एरर जिथे दिसेल तिथे थांबा. तिच्याखालच्या बऱ्याचशा एरर तिच्यामुळेच आलेल्या असतात.

ती पहिली एरर बहुधा कर्नल हेडर नसल्याची असते. मॉड्यूल कंपाइल करायला चालू कर्नलचे हेडर (त्या कर्नलशी जुळणारा कोड तयार करायला लागणाऱ्या फायली), शिवाय जीसीसी आणि मेक ही कंपाइलची साधनं लागतात. इथे एक बारीक चूक फार जण करतात. अपडेटमध्ये नवा कर्नल आलेला असतो, पण मशीन रीस्टार्ट केलेलं नसतं. हेडर नव्या कर्नलचे आणि चालू कर्नल मात्र जुना. 'युनेम -आर' ही कमांड दिली की खरोखर कुठला कर्नल चालू आहे ते कळतं. दुसरी चूक म्हणजे एका ठरावीक व्हर्जनचे हेडर बसवून मोकळं होणं. त्या दिवशी सगळं चालतं आणि पुढच्या कर्नल अपडेटनंतर पुन्हा बंद पडतं. त्यापेक्षा उबुंटूवर 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक', डेबियनच्या ६४ बिट पीसीवर 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४' असं पॅकेज घ्या. ही पॅकेजं प्रत्येक नव्या कर्नलबरोबर त्याचे हेडर आपोआप ओढून आणतात. उबुंटूच्या एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सपोर्ट मिळणाऱ्या, व्हर्जनवर एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचा) कर्नल वापरत असाल तर हेडरचं पॅकेजही एचडब्ल्यूईचंच हवं. फेडोरावर या पॅकेजचं नाव 'कर्नल-डेव्हल'.

हेडर बरोबर आहेत आणि तरी कंपाइल फसतंय? मग कर्नल फार नवा आणि व्हर्च्युअलबॉक्स जुना, असा प्रकार असण्याची शक्यता मोठी. ग्रब या बूट मेनूच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून आधीचा कर्नल निवडून काम चालू ठेवा आणि व्हर्च्युअलबॉक्सचं नवं व्हर्जन घ्या. कुठून तरी पॅच उचलून सोर्स फायलींत हात घालायची गरज नाही.

आता सिक्युअर बूट. मॉड्यूल नीट कंपाइल झालं, पण लोड करताना 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं उत्तर आलं, तर अडचण सहीची आहे. उबुंटूवर इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. तो लॉगिनचा पासवर्ड नाही, पुढच्या रीबूटला एकदाच लागणारा आहे. रीबूट झाल्यावर निळा स्क्रीन येतो. तिथे 'एनरोल एमओके' (एमओके म्हणजे सही तपासायला मशीनमध्ये नोंदवायची की) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. तो स्क्रीन काही सेकंदच थांबतो. अनोळखी म्हणून लोक 'कंटिन्यू बूट' दाबतात किंवा नुसते बघत राहतात, आणि की नोंदवायची राहून जाते. संधी हुकली तरी 'मॉकयूटिल' या कमांडच्या 'इम्पोर्ट' पर्यायाने की पुन्हा नोंदणीला लावता येते. सिक्युअर बूटच बंद करून टाका, हा सल्ला सगळीकडे मिळतो. मला तो पटत नाही. पाच मिनिटांच्या कामासाठी मशीनचं एक संरक्षण कायमचं काढून टाकण्यात अर्थ नाही. शिवाय त्याच मशीनवर बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्शन) लावलेलं विंडोज असेल, तर पुढच्या वेळी ते रिकव्हरी की मागू शकतं.

व्हर्च्युअलबॉक्स उघडतं, पण त्यातलं व्हर्च्युअल मशीन सुरू होत नाही, हा वेगळा गट. व्हर्च्युअलबॉक्सला ६.१ पासून प्रोसेसरची हार्डवेअर मदत लागतेच. इंटेलवर ती बायोसमध्ये व्हीटी-एक्स किंवा 'व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' या नावाने असते, एएमडीवर 'एसव्हीएम मोड' या नावाने. ती चालू केल्यावर नुसतं रीस्टार्ट न करता कॉम्प्युटर एकदा पूर्ण बंद करून सुरू करा.

बायोसमध्ये सगळं चालू असूनही 'व्हीएमएक्स रूट मोड'ची एरर येत असेल तर तिथे पुन्हा पुन्हा जाऊ नका. प्रोसेसरची ती सोय केव्हीएमने, म्हणजे लिनक्स कर्नलमधल्याच व्हर्च्युअलायझेशनच्या यंत्रणेने, आधीच ताब्यात घेतलेली आहे. लिनक्स ६.१२ पासून केव्हीएमचं मॉड्यूल लोड होताक्षणीच व्हर्च्युअलायझेशन सुरू करतं. पूर्वी पहिलं व्हर्च्युअल मशीन चालू होईपर्यंत ते थांबायचं. त्यामुळे कालपर्यंत चालणारं व्हर्च्युअलबॉक्स कर्नल अपडेटनंतर अचानक अडतं आणि दोष व्हर्च्युअलबॉक्सवर येतो. तात्पुरता उपाय म्हणजे 'मोडप्रोब -आर'ने 'केव्हीएम_इंटेल' किंवा 'केव्हीएम_एएमडी' काढणं. कायमचा हवा असेल तर कर्नलच्या बूट पॅरामीटरमध्ये केव्हीएमच्या 'एनेबल_व्हर्ट_अ‍ॅट_लोड'ची किंमत शून्य करा. आणि तुम्ही केव्हीएमची मशीन चालवणारं व्हर्ट-मॅनेजरही वापरत असाल, तर दोन्हींतली व्हर्च्युअल मशीन एकाच वेळी चालवायचा आग्रह सोडा.

पॅकेज कुठून आणलं हेही पाहा. डिस्ट्रोच्या रिपॉझिटरीतलं व्हर्च्युअलबॉक्स आणि ते बनवणाऱ्या ओरॅकलच्या रिपॉझिटरीतलं, यांची सरमिसळ करू नका. एक निवडा आणि दुसरं पूर्ण काढा. लिनक्स मिंट वापरणाऱ्यांची नेहमीची अडचण म्हणजे ओरॅकलच्या रिपॉझिटरीच्या ओळीत मिंटचं कोडनेम जाणं. 'व्हिल्मा' हे मिंट २२ चं कोडनेम लिहिलं तर रिलीज फाइल सापडत नाही म्हणून अ‍ॅप्ट तक्रार करतं. तिथे ते मिंट ज्या उबुंटूवर आधारलेलं आहे त्याचं कोडनेम हवं, म्हणजे 'नोबल'.

गेस्टमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आतल्या सिस्टीममध्ये, यूएसबी दिसत नसेल तर होस्टवर, म्हणजे तुमच्या मूळ लिनक्सवर, तुमचा युजर 'व्हीबॉक्सयूजर्स' ग्रुपमध्ये आहे का ते बघा. 'यूजरमॉड' वापरताना लहान 'ए' आणि मोठा 'जी' हे दोन्ही पर्याय द्या. घाईत लहान 'ए' सुटला तर युजर बाकीच्या सगळ्या जोड ग्रुपांमधून बाहेर पडतो, त्यात 'सुडो'ही आला. असं झालंच तर ग्रबमधून रिकव्हरी मोडमध्ये जाऊन, रूट शेलमधून युजरला परत 'सुडो'मध्ये घाला. ग्रुप बदलल्यावर लॉगआउट करून परत या, त्याशिवाय फरक दिसत नाही. शेअर्ड फोल्डर 'परमिशन डिनाइड' म्हणत असेल तर उपाय असाच आहे, फक्त ग्रुप 'व्हीबॉक्सएसएफ' आणि तो बदल करायचा गेस्टच्या आत, होस्टवर नाही.