सप्टेंबरचा पाऊस रानातच जिरवा : पूर्व पुण्याच्या जिरायत पट्ट्यासाठी रब्बी सल्ला

बारामती, इंदापूर, दौंड आणि शिरूरचा पूर्व भाग, म्हणजे जिथे कॅनॉलचं पाणी पोचत नाही, वस्त्या लांब लांब आहेत आणि नजर जाईल तिथवर माळ आहे, त्या भागातल्या शेतकऱ्यांसाठी हा सल्ला आहे, मुख्यतः रब्बी ज्वारीचा.

जिल्हा एकच, पण पाऊसमान सारखं नाही. लोणावळ्याला वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, पुणे शहरात ७०० च्या आसपास, आणि बारामती-इंदापूरकडे ५०० च्या आतबाहेर. ढग सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच रिकामे होतात. घाट ओलांडून खाली उतरणारी हवा तापते, कोरडी होते. म्हणून जुलै-ऑगस्टात आपल्याकडे आभाळ रोज भरून येतं, वारं सुटतं आणि हाती चार थेंब लागतात. आपला भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा, उत्तरा-हस्ताचा. तो दुपारनंतर गडगडाट करत येतो आणि तासाभरात बदाबदा कोसळून जातो. अडवला नाही तर बांध फोडून ओढ्याला, ओढ्यातून भीमेला मिळतो, आणि जाताना वरची सुपीक मातीही घेऊन जातो.

२५ मिलिमीटर पाऊस झाला की एका एकरावर सुमारे १ लाख लिटर पाणी पडतं. म्हणजे टँकरची रांगच. ते जिरवण्यासाठी आत्ताच उताराला आडवी कुळवाची पाळी घाला, सारे (मातीचे छोटे वरंबे) ओढून वाफे पाडा, फुटलेले बांध भरून घ्या. पाऊस पडून गेल्यावर ही कामं करण्यात अर्थ नाही. पेरणीआधी रानात मेंढरं बसवून घेता आली तर जरूर बसवा. हलक्या जमिनीला त्या खतासारखं दुसरं काही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं : ज्वारीचं वाण शेजाऱ्याचं बघून ठरवू नका, आपल्या मातीची खोली बघून ठरवा. चांगला पाऊस झाल्यावर दोन-तीन ठिकाणी पहार रोवून बघा. ओल्या मातीत ती सहज उतरते आणि मुरुम लागला की खणकन अडते. एका रानातही वरच्या बाजूला वीतभर आणि ओढ्याकडेला कमरेइतकी माती सापडते. चांगल्या काळ्या जमिनीत मीटरभर खोलीला १५० ते २०० मिलिमीटर ओल साठते. वीतभर मातीत त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा राहतो, आणि पेरणीनंतर पाऊस बहुतेक नसतोच. पीक त्या साठ्यावरच काढायचं असतं.

म्हणून ३० सेंटिमीटरपर्यंतच्या हलक्या रानात लवकर येणारी फुले अनुराधा घ्या. मध्यम जमिनीत फुले सुचित्रा किंवा मालदांडी ३५-१, आणि भारी जमिनीत फुले वसुधा किंवा फुले यशोदा. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळातच उरका. उशीर झाला की खोडमाशी वाढते आणि कणीस भरताना ओल संपते. हेक्टरी १० किलो बियाणं पुरतं, त्याला किलोमागे ४ ग्रॅम गंधक चोळा. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवा, दाट पेरू नका. दोन चाड्यांच्या पाभरीने (बी आणि खत वेगवेगळं सोडणाऱ्या पेरणीच्या अवजाराने) खत बियाण्याच्या खाली पडू द्या. कोरड्या मातीवर फेकलेला युरिया पिकाला मिळत नाही.

वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, नीट आल्याशिवाय पाभर धरू नका. वीतभर खालची माती मुठीत दाबा. लाडू वळला आणि बोटाने टिचकी मारल्यावर फुटला तर पेरा. बोटांना चिकटली तर एक-दोन दिवस थांबा.

पेरणीनंतरची खरी मशागत कोळपणीची, म्हणजे ओळींमधली माती वरवर हलवण्याची. तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं, पाचव्या आठवड्यात पासाचं, आठव्या आठवड्यात दातेरी. शेवटची कोळपणी अनेक जण टाळतात, तण नाही म्हणून. ती तणासाठी नसतेच. डिसेंबरात काळ्या रानाला हातभर खोल भेगा पडतात, त्यांतून खालची ओल उडून जाते. दातेरी कोळप्याने त्या बुजतात. मजुरी वाचवायची असेल तर दुसरीकडे वाचवा, इथे नको.

आणि एक कळकळीची विनंती. टीचभर मातीचा माळ ट्रॅक्टरने फोडून त्यात ज्वारी टाकू नका. दोन पावसांत माती वाहून जाते आणि उरतो नुसता मुरुम. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं आहे. चिंकारा आणि लांडगा तेवढ्यात मावत नाहीत, ते आपल्याच माळांवर जगतात. माळ राखून त्यावर मारवेल, पवना ही गवतं वाढू दिली तर उन्हाळ्यात जनावरांना वैरण मिळते. दिवाळीपर्यंत तिथे चराई बंद ठेवा, बी पडू द्या, मग कापा.

हरभरा करायचा असेल तर जिरायतीत विजय वाण घ्या, मध्यम ते भारी रानातच, आणि बी १० सेंटिमीटर खोल ओलीत पडेल असं पेरा.