क्रम आणि जागा : अल्पकालीन स्मृतीची घरच्या घरी चाचणी

ऐकलेला मोबाइल क्रमांक लिहून घेताना मधले दोन अंक उलटसुलट होतात, तेव्हा अंक सगळे आठवलेले असतात. बिघडलेला असतो तो त्यांचा क्रम. एखादी गोष्ट लक्षात राहणे आणि ती कितवी होती किंवा कुठे होती हे लक्षात राहणे यांतला फरक घरी सहज तपासता येतो. त्यासाठी वही, पेन, सेकंदकाट्याचे घड्याळ, नऊ वाट्या आणि चाचणी द्यायला तयार असलेली एक व्यक्ती एवढे पुरे.

आधी क्रमाची चाचणी घ्यावी. तीन अंकांपासून नऊ अंकांपर्यंत, प्रत्येक लांबीच्या दोन याद्या आधीच लिहून ठेवाव्यात. एका यादीत एकच अंक दोनदा घेऊ नये, कारण पुन्हा आलेला अंक अनेकदा निसटतो. ४-५-६ अशी सरळ मालिका किंवा १९४७सारखे ओळखीचे सालही टाळावे. दर सेकंदाला एक अंक, सपाट आवाजात वाचावा. ‘त्र्याऐंशी’ अशी जोडसंख्या करू नये, कारण तीत तीन आधी ऐकू येतो आणि लिहायचा मात्र नंतर असतो. वाचून झाल्यावर समोरच्याने अंक त्याच क्रमाने सांगावेत आणि आपण ते जसेच्या तसे मूळ यादीखाली लिहावेत. एका लांबीच्या दोन्ही याद्या चुकल्या की थांबावे. प्रौढ व्यक्तीचा स्मृतिविस्तार, म्हणजे न चुकता सांगता आलेल्या सर्वांत लांब यादीची लांबी, साधारणपणे सातच्या आसपास, एखाद-दोन अंकांच्या फरकाने भरतो. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६च्या लेखामुळे हा आकडा प्रसिद्ध झाला.

खरी माहिती मात्र या आकड्यापेक्षा चुकांमध्ये असते. प्रत्येक चुकीपुढे अंक गळला, नवाच घुसला की जागा बदलली, हे नोंदवावे. याद्या लांब झाल्या की जागा बदलण्याच्या चुका वाढतात. त्या बहुतेक शेजारच्या अंकांत आणि यादीच्या मध्यावर होतात, कारण दोन्ही टोकांचे अंक तुलनेने सुरक्षित असतात. आता नऊ अंकांच्या नव्या याद्या तीन-तीनच्या गटांत, मध्ये किंचित थांबून वाचाव्यात. एकूण चुका कमी होतील, पण उरलेल्यांपैकी काही चुका वेगळ्या दिसतील : पहिल्या गटातला मधला अंक दुसऱ्या गटातल्या मधल्या अंकाच्या जागी जाऊन बसेल. माझ्या मते संपूर्ण चाचणीतली सर्वांत बोलकी नोंद हीच, कारण अंकाबरोबर त्याचे गटातले स्थानही साठवले जात असल्याचे ती दाखवते.

जागेसाठी नऊ वाट्या टेबलावर, ओळीत न मांडता, विस्कळीतपणे पालथ्या ठेवाव्यात आणि फक्त आपल्याला दिसतील अशा बेताने त्यांना क्रमांक चिकटवावेत. ही फिलिप कॉर्सी यांनी १९७२च्या सुमारास कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात वापरलेल्या ठोकळ्यांच्या चाचणीची घरगुती आवृत्ती होय. दर सेकंदाला एका वाटीला बोट लावत जावे आणि समोरच्याने तोच क्रम बोटाने दाखवावा. येथील विस्तार बहुधा अंकांपेक्षा एखाद्याने कमी भरतो. बोटाचा मार्ग स्वतःलाच छेदत गेला, तर तेवढ्याच वाट्यांचा क्रम अधिक जड जातो. म्हणून दोन व्यक्तींची तुलना करायची असेल तर दोघांनाही तेच मार्ग द्यावेत.

या दोन स्मृती वेगवेगळ्या आहेत का, हे पाहण्यासाठी दोन्ही चाचण्या व्यत्यय आणून पुन्हा घ्याव्यात. अंक आता न बोलता चिठ्ठ्यांवर एकेक करून दाखवावेत आणि ते पाहताना समोरच्याने हलक्या आवाजात ‘राम राम’ म्हणत राहावे. मनातल्या मनात अंक घोकण्याची वाट बंद झाल्याने विस्तार घटतो. वाट्यांच्या वेळी तोच जप फारसा आड येत नाही, पण टेबलाखाली दुसऱ्या हाताने चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर क्रमाने टिचक्या मारायला लावल्या की गडबड होते. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४मध्ये मांडलेल्या कार्यकारी स्मृतीच्या (काम करताना माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या स्मृतीच्या) प्रतिमानात ध्वनीसाठी आणि दृश्य-अवकाशासाठी वेगळी यंत्रणा मानली आहे, तिला हे जुळते. हवे तर अंकांऐवजी ‘ट, ठ, ड, ढ’ आणि ‘क, म, ल, स’ अशी अक्षरे दाखवून पाहावीत; वाचलेली अक्षरेही आवाजाच्या रूपात धरली जात असल्यामुळे पहिल्या संचाचा क्रम अधिक चुकतो.

कोणती वस्तू कुठे होती, एवढेच तपासायचे असल्यास किल्ली, चमचा, खोडरबर, नाणे आणि बटण ताटात ठेवून दहा सेकंद दाखवावे, मग झाकून वस्तू काढून घ्याव्यात आणि त्या समोरच्याच्या हाती देऊन मूळ जागी ठेवायला सांगावे. चुका झाल्याच, तर प्रत्येक चुकलेली वस्तू रिकाम्या जागी गेली की दुसऱ्या वस्तूच्या जागी, हे पाहावे. दुसऱ्या प्रकारात वस्तूही आठवते, जागाही आठवते, फक्त त्यांची जोडी चुकते.

वेळ असेल तर समोरच्याला न सांगता एकच अंकयादी दर दोन नव्या याद्यांनंतर परत वाचावी. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९६१मध्ये दाखवल्याप्रमाणे त्याच यादीचे स्मरण हळूहळू सुधारत जाते, म्हणजे तिचा क्रम दीर्घकालीन स्मृतीत उतरू लागतो. अशा याद्यांवर वहीत खूण करून ठेवावी, नाहीतर पुढच्या चाचणीत त्या नव्या म्हणून वापरल्या जातात आणि विस्तार फुगलेला दिसतो.