अन्सिबलचा रन हिरवा, पण सर्व्हिस जुन्याच कॉन्फिगवर? हँडलर असे लावा

अन्सिबल म्हणजे एका जागेवरून अनेक सर्व्हरवर ठरलेली कामं (टास्क) चालवणारं टूल. इन्व्हेंटरी (सर्व्हरची यादी), एसएसएच की, सुडो हे सगळं तुमचं झालंय असं धरतो.

सर्व्हिस नुसती चालू ठेवायची असेल तर स्टेट 'स्टार्टेड', 'एनेबल्ड' ट्रू, झालं. 'रीस्टार्टेड' थेट टास्कमध्ये लिहू नका, प्रत्येक रनला चालती सर्व्हिस उगाच पाडून उठवली जाते. युनिट फाइल (सर्व्हिस कशी चालवायची हे सिस्टिमडीला, म्हणजे लिनक्सच्या सर्व्हिस मॅनेजरला, सांगणारी फाइल) बदलली तर डेमन रीलोड लागतोच.

आता हँडलर, म्हणजे दुसऱ्या टास्कने काही बदललं आणि तसं कळवलं ('नोटिफाय') तरच चालणारा टास्क. सगळीकडे एवढंच सांगतात की कॉन्फिगच्या टास्कला नोटिफाय लावा, बाकीचं अन्सिबल बघतं. हा सल्ला अर्धवट आहे आणि त्यानेच मी अडकलो. हँडलर लगेच चालत नाही, प्लेच्या (टास्कच्या पूर्ण यादीच्या) शेवटी चालतो, आणि मधे एखादा टास्क फेल झाला तर त्या सर्व्हरवर तो चालतच नाही.

माझं असं झालं की १२ सर्व्हरवर एनजिनएक्स या वेब सर्व्हरचं नवीन एसएसएल सर्टिफिकेट टाकायचं होतं. फाइल सगळीकडे कॉपी झाली, पण पुढच्या लॉग फोल्डरच्या टास्कमध्ये ३ सर्व्हरसाठी ओनरचं नाव चुकलं होतं म्हणून ते लाल, म्हणजे फेल. नाव दुरुस्त करून परत रन मारला, सगळे हिरवे, मी घरी गेलो. पण दुसऱ्या रनला सर्टिफिकेटची फाइल आधीच जागेवर होती, म्हणजे 'चेंज्ड' नाही, म्हणजे नोटिफाय नाही, म्हणजे रीलोडही नाही. एनजिनएक्स सर्टिफिकेट फक्त सुरू होताना किंवा रीलोडला वाचतो, तोपर्यंत जुनंच मेमरीत धरून बसतो. सकाळी जुन्याची मुदत संपली आणि ठाण्याहून ऐरोलीच्या ऑफिसला जाताना ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीतच फोन वाजायला लागला.

म्हणून कॉन्फिग किंवा सर्टिफिकेट बदललं की आधी 'एनजिनएक्स -टी' चा (कॉन्फिग बरोबर आहे का ते तपासणारा) टास्क आणि त्याच्या लगेच खाली मेटा टास्कमध्ये 'फ्लश हँडलर्स', म्हणजे नोटिफाय झालेले हँडलर तिथेच चालतात. शेवटपर्यंत वाट बघायचीच नाही. वर प्लेला 'फोर्स हँडलर्स' पण लावा, म्हणजे मधे काही फेल झालं तरी नोटिफाय झालेले हँडलर चालतात, फक्त सर्व्हर अनरीचेबल झाला तर तेही वाचवत नाही. आणि एखादा रन मधेच फुटला असेल तर नुसता परत रन मारून विश्वास ठेवू नका, सगळ्या सर्व्हरवर अ‍ॅड-हॉक कमांडने एकदा रीलोड करा आणि ओपनएसएसएलने प्रत्येकाकडून खरंच कुठल्या तारखेचं सर्टिफिकेट येतंय ते बघा. फाइल बघून काही कळत नाही!

हँडलरमध्ये जिथे चालतं तिथे रीलोडच लिहा, माझं यावर ठाम मत आहे. कॉन्फिग चुकलेलं असलं तर रीलोडला एनजिनएक्स जुन्यावर चालत राहतो, रीस्टार्टला मात्र बंद पडला की उठतच नाही.

तुमचं स्वतःचं अ‍ॅप असेल आणि युनिटचा टाइप 'सिंपल' असेल तर प्रोसेस सुरू होऊन दोन सेकंदात मेली तरी सिस्टिमडी यशस्वी म्हणून सांगतो. त्यामुळे फ्लशनंतर यूआरआय मॉड्यूलने अ‍ॅपचा हेल्थचा पत्ता (अ‍ॅप जिवंत आहे का सांगणारी यूआरएल) तपासा, रीट्राइज ५, डिले ३ सेकंद.

शेवटी सिरियल, म्हणजे एका वेळी किती सर्व्हर घ्यायचे ते: १, मग ५, मग उरलेले. पहिलाच सर्व्हर फेल झाला तर रन तिथेच थांबतो, बाकीच्या ११ ला हात लागत नाही.