जुन्या डिझेल गाडीच्या मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर बदलताना

जुन्या डिझेल गाडीचे इंजिन सपाट महामार्गावर शंभराच्या वेगाने सतत ओरडत राहते, त्याचे कारण बहुतेक वेळा इंजिनात नसून मागच्या ॲक्सलमध्ये असते. टर्बो नसलेल्या कमी ताकदीच्या इंजिनाला भरलेली गाडी चढावर ओढता यावी म्हणून ॲक्सलमधील क्राउन व्हील (मोठे दातेरी चाक) आणि पिनियन (त्याला फिरवणारे लहान दातेरी चाक) यांचे गुणोत्तर, म्हणजे क्राउन व्हीलच्या एका फेऱ्यामागे पिनियनचे किती फेरे हा आकडा, मोठे ठेवलेले असते आणि त्याची किंमत सपाटीवर इंजिनाला जास्त फेरे घेऊन मोजावी लागते. गुणोत्तर कमी केले की इंजिन शांत होते, पण चाकांवर पोहोचणारा जोरही त्याच प्रमाणात घटतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी वही-पेन्सिल घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

उदाहरणासाठी मर्सिडीज-बेंझच्या डब्ल्यू १२३ मालिकेतील २४० डी ही गाडी घेऊ. तिचे मूळ गुणोत्तर ३.६९ आहे, टर्बो नसलेल्या ३०० डीचे ३.४६ आणि टर्बो असलेल्या ३०० डीचे ३.०७. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे १.९२ मीटर पुढे जाते असे धरले, तर ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ८६८ फेरे घेते. चौथा गिअर सरळ, म्हणजे एकास एक असल्याने, ३.६९ ला इंजिन साधारण ३२०० फेरे घेईल, ३.४६ ला ३०००, तर ३.०७ ला २६६५. हे वाचून ३.०७ चा मोह होतो, पण २४० डीच्या इंजिनाचा कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर) १३७ न्यूटन-मीटर इतकाच आहे. चौथ्या गिअरमध्ये मागच्या ॲक्सलला ३.६९ ने ५०५ न्यूटन-मीटर मिळत होते, तिथे ३.०७ ने ४२१ च मिळतील, आणि ही सतरा टक्क्यांची घट पहिल्या गिअरमध्ये चढावर गाडी उचलतानाही तशीच राहून क्लच प्लेट झिजवेल. टर्बो नसलेल्या लहान इंजिनाला ३.४६ वर थांबावे आणि ३.०७ टर्बोसाठी ठेवावे, हे मला योग्य वाटते.

आपल्या गाडीत आज कोणते गुणोत्तर आहे हे कागदपत्रांवरून गृहीत धरू नये, कारण इतक्या वर्षांत कोणीतरी ते बदललेले असू शकते. मागची दोन्ही चाके उचलून, गिअर न्यूट्रलला ठेवून, गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करावी. एक चाक घट्ट धरून दुसरे वीस फेरे फिरवावे आणि तेवढ्यात शाफ्ट किती फिरला ते मोजून दहाने भागावे. एक चाक स्थिर असताना डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा ॲक्सलमधला दातेरी संच, दुसऱ्या चाकाची गती निम्मी करते, म्हणून वीस फेऱ्यांना भागाकार दहाचा.

केवळ क्राउन-पिनियनची जोडी बदलण्यापेक्षा तिच्यासकट पूर्ण डिफरन्शियल बदलणे घरच्या कारागिरासाठी कितीतरी सुरक्षित आहे. क्राउन व्हील आणि पिनियन एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, त्यांची ताटातूट करता येत नाही. शिवाय पिनियनची खोली, बेअरिंगवरील ताण आणि दातांमधील प्ले (मोकळीक) शिमने, म्हणजे पातळ पत्र्यांनी, जुळवून, दातांना रंग लावून स्पर्शाचा ठसा तपासावा लागतो. त्यात किंचित चूक झाली, तरी ॲक्सल आयुष्यभर रडत राहतो. जुन्या गाडीतून काढलेला पूर्ण संच घ्यायचा असेल, तर त्याचे मागचे झाकण उघडून दात पाहावेत. दातांवर खड्डे, निळसर डाग किंवा तळाशी धातूच्या चकत्या दिसल्या तर तो घेऊ नये. तेलातली बारीक राखाडी पूड मात्र वयाप्रमाणे चालते. पिनियनचा फ्लँज (प्रोपेलर शाफ्ट जोडण्याची चकती) हाताने फिरवताना अडखळ जाणवता कामा नये. एकाच मालिकेतही डिफरन्शियलचे लहान-मोठे आकार असू शकतात, त्यामुळे बोल्टच्या भोकांतील अंतर, हाफ शाफ्टच्या (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या दांड्याच्या) टोकाचे दात आणि फ्लँजचा व्यास मोजूनच निर्णय घ्यावा. एबीएस असलेल्या गाडीत सेन्सरची जागाही तपासावी.

नवा संच गाडीखाली नेण्याआधी टेबलावरच त्याची दोन्ही बाजूंची ऑईल सील बदलावीत आणि हवा सुटण्याचे बारीक छिद्र साफ करावे, कारण ते बुजले तर तापलेली हवा नवे सीलही गळायला लावते. पिनियनचे मोठे नट मात्र सहज म्हणून सोडवू नये. अनेक रचनांमध्ये बेअरिंगचा ताण त्याच नटाखाली दबणाऱ्या नळीवर ठरतो आणि एकदा तो बिघडला की सगळी जुळवणी नव्याने करावी लागते.

प्रत्यक्ष कामात पहिला नियम असा, की जुने तेल सोडण्याआधी तेल भरण्याचा बूच उघडतो का हे पाहावे. डब्ल्यू १२३ ला त्यासाठी १४ मिलिमीटरचा षटकोनी पाना लागतो. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून गाडी मजबूत स्टँडवर ठेवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. प्रोपेलर शाफ्ट आणि फ्लँज यांवर समोरासमोर खूण केल्याशिवाय बोल्ट काढू नयेत, नाहीतर शाफ्टचा समतोल बिघडून थरथर सुरू होते. शाफ्टच्या जोडात रबरी चकती असेल, तर बोल्टचे डोके धरून नट फिरवावे, म्हणजे रबराला पीळ बसत नाही.

यापुढची रीत ॲक्सलच्या रचनेवर अवलंबून आहे. मागची चाके स्वतंत्र झुलणाऱ्या गाडीत, जशी डब्ल्यू १२३ आहे, झाकण काढून हाफ शाफ्टच्या आतल्या टोकांना अडकवलेल्या कड्या काढाव्या लागतात; डाव्या-उजव्या कड्या वेगळ्या ठेवून त्यांवर खूण करावी. डिफरन्शियल एकट्याने पेलण्याजोगे नसते, म्हणून ते खालून जॅकने तोलून मगच रबरी माउंटचे बोल्ट सोडावेत. माउंट इतके उघडे पडले आहे तर ते याच वेळी नवे बसवावे. सरळ नळीसारख्या ॲक्सलच्या गाडीत डिफरन्शियल पुढून निघत असेल, तर दोन्ही हाफ शाफ्ट थोडे बाहेर ओढून काम भागते. तसे नसेल तर पूर्ण ॲक्सलच बदलणे सोपे.

बसवताना सगळे क्रम उलट होतात, पण स्वतःहून घट्ट राहणारे नट नवे वापरावेत आणि प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेतील आकड्यानुसार आवळावा. दोन भागांच्या प्रोपेलर शाफ्टचे सरकणाऱ्या जोडाचे नट गाडी चाकांवर उतरवून, दोन-चार वेळा मागेपुढे ढकलल्यावरच आवळावे. तोपर्यंत शाफ्ट आपली नैसर्गिक लांबी धरतो. तेल हायपॉइड, म्हणजे क्राउन-पिनियनच्या एकमेकांवर घसरत फिरणाऱ्या तिरक्या, दातांसाठीचे, जीएल-५ दर्जाचे असावे आणि ते भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत भरावे.

वेगमापकाकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे. त्याची केबल गिअरबॉक्समधून निघत असल्याने ३.६९ ऐवजी ३.०७ बसवल्यावर काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ९६ ने धावत असते आणि अंतरही तितकेच कमी नोंदले जाते. नव्या गुणोत्तराच्या गाडीतील वेगमापक बसवावा किंवा केबलमध्ये दुरुस्तीचा छोटा गिअर जोडावा, आणि मग जीपीएसशी ताडून पाहावे.

पहिली फेरी वीस किलोमीटरची, हलक्या पायाने असावी. थांबल्यावर डिफरन्शियलला हात सावधपणे जवळ नेऊन उष्णता पाहावी, सीलखाली ओल शोधावी आणि आवाज ऐकावा: वेग देताना येणारी शीळ आणि वेग सोडताना येणारी शीळ दातांच्या वेगवेगळ्या बाजूंकडे बोट दाखवतात, तर दोन्ही वेळी सारखी घरघर बेअरिंगकडे. पाचशे किलोमीटरनंतर माउंटचे बोल्ट पुन्हा तपासून तेल एकदा बदलावे, कारण जुन्या संचातील उरलासुरला गाळ याच अंतरात सुटून तेलात येतो.