साथीच्या काळात गडावर मुक्काम कसा करावा

ट्रेकमधली सगळ्यात जोखमीची वेळ म्हणजे रात्र. दिवसा उघड्यावर चालताना माणसं आपोआप अंतरावर पडतात आणि वारा वाहता असतो. रात्री तीच मंडळी गुहेत खांद्याला खांदा लावून किंवा एका तंबूत चौघं अशी सात-आठ तास एकमेकांचा श्वास घेत पडलेली असतात. २०२० मध्ये सुरुवातीला सगळा भर वस्तू पुसण्यावर होता, कारण प्रयोगशाळेत करोनाचा विषाणू प्लॅस्टिक आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत टिकलेला आढळला होता. पुढे कळलं की खरा प्रसार हवेतून होतो, वस्तूला हात लागून होणारी लागण त्या मानाने फारच थोडी. त्यामुळे अशा साथीत ट्रेकला जायचं असेल तर पहिला प्रश्न हाच: प्रत्येकाला आपापलं, वेगळं आणि पुरेसं उबदार झोपता येईल इतकं सामान आहे का? नसेल तर सकाळी चढून संध्याकाळी परत या.

उदाहरणासाठी डिसेंबरातला हरिश्चंद्रगड घेऊ. पायथ्याच्या पाचनई गावातून चढाई, दोन दिवस, एक मुक्काम. बाकी गडांनाही हाच हिशेब लावता येईल.

निघण्याआधी

जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश लागू नाही ना, हे आधी पाहा. मग गावात फोन करून बाहेरची माणसं आलेली चालतील का, ते विचारा. आदेश उठला म्हणजे गाव तयार आहे असं नसतं. पायथ्याच्या वाड्यांत म्हातारी माणसं बरीच असतात आणि दवाखाना लांब असतो. गट चार-पाच जणांपेक्षा मोठा नको. गेल्या पाच दिवसांत कुणाला ताप, खोकला, घसादुखी झाली असेल किंवा घरात कुणी आजारी असेल तर त्याने यायचं नाही, आणि न आल्याबद्दल त्याला कुणी टोचायचंही नाही. भरलेले पैसे बुडतील या भीतीने माणसं ताप लपवतात, म्हणून पैसे परत करण्याचं आधीच ठरवून टाका.

करोनासारखा आजार नुकताच होऊन गेला असेल तर घरीच ६ मिनिटांची चाल करून पाहा. ऑक्सिमीटरचा आकडा लिहून ठेवा, सपाट जमिनीवर आपल्या नेहमीच्या वेगाने ६ मिनिटं चाला, पुन्हा आकडा पाहा. तो ९३ च्या खाली गेला किंवा ३ पेक्षा जास्त उतरला तर ट्रेक रद्द करून डॉक्टरांकडे जा. आकडा टिकला म्हणून लगेच नळीच्या वाटेसारख्या अवघड चढाईला लागू नका. आधी जिने, मग टेकडी, मग दिवसाचा ट्रेक अशी काही आठवड्यांची चढण ठेवा. छातीत दुखणं, धडधड, दुसऱ्या दिवशी गळून जाणं ही थांबण्याची खूण.

मॅट

बहुतेक लोक स्लीपिंग बॅगेवर खर्च करतात आणि मॅट कसलीही घेतात. अंगाखाली बॅगेचा भराव दबून चपटा होतो आणि त्याची ऊब संपते. जमिनीच्या थंडीपासून वाचवते ती मॅटच. तिचं रोधन आर-व्हॅल्यूमध्ये मोजतात. अंडी ठेवायच्या ट्रेसारखी, दोन सेंटिमीटर जाडीची घडीची फोम मॅट साधारण २ च्या आसपास असते आणि सह्याद्रीच्या हिवाळ्याला ती पुरते. एकावर एक दोन मॅट घातल्या तर आर-व्हॅल्यूंची बेरीज होते, त्यामुळे पातळ मॅट असलेल्यांनी नवी न घेता आणखी एक पातळ मॅट खाली घालावी.

साथीत फोम मॅट आणखी एका कारणाने बरी. साबणाच्या पाण्याने पुसली की झालं. फुगवायची मॅट तोंडाने फुगवली तर आत श्वासाची वाफ आणि लाळ जाते, ती वाळत नाही, आणि अशी मॅट उसनी देणं योग्य नाही. फुगवायचीच असेल तर पंपाची पिशवी वापरा, आणि दुसऱ्याची मॅट तोंडाने फुगवून देऊ नका. कापलेल्या कारवीचे खुंट आणि काटे तिला भोक पाडतात हा वेगळा ताप.

स्लीपिंग बॅग

दर हजार मीटर उंचीला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं. पुण्यात पहाटे १२ अंश असतील तर १४२४ मीटरच्या हरिश्चंद्रगडावर ६-७ धरा, वर वारा वेगळा. हिशेब ढोबळ आहे, पण सामान ठरवायला पुरतो. बॅगेच्या लेबलवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे तीन आकडे असतात. पाहायचा तो कम्फर्ट, आणि तो ५ अंशांच्या आसपास हवा. एक्स्ट्रीमचा आकडा जीव जगण्यापुरता असतो, त्या तापमानाला झोप लागत नाही. स्वस्त बॅगेवर एकच आकडा छापलेला असेल तर त्यात पाच-सात अंश मिळवून मगच विश्वास ठेवा.

घरातली गोधडी चालेल का? ऊब उत्तम, पण दोन-तीन किलो वजन आणि दवाने ओली झाली की दिवसभर वाळत नाही. घोंगडी जड असली तरी दमट झाल्यावरही ऊब देते, म्हणून बॅग नसेल तर तिला माझी पहिली पसंती.

भाड्याची बॅग घेताना ती धुतलेली आहे का हे विचारा. तीन दिवस आधी घरी आणून, उलटी करून उन्हात टाका. बॅगेचा सगळ्यात घाण भाग म्हणजे तोंडाजवळची टोपी, रात्रभर श्वास आणि लाळ तिथेच लागते. म्हणून लायनर, म्हणजे बॅगेच्या आत घालायची धुता येणारी कापडी पिशवी, हवाच, आणि टोपी झाकणारा हवा. काही बाजारी लायनर खांद्यापर्यंतच पुरतात. जुन्या मलमलच्या साडीचा घरी शिवलेला जास्त उपयोगी पडतो:

१. सुती, बऱ्याचदा धुतलेली साडी घ्या. ती आधीच आटलेली असते. सिंथेटिक नको, घाम धरते.

२. लांबी ४.८ मीटर, रुंदी ८५ सेमी कापा. पूर्ण पन्ह्याचा लायनर बॅगेत गोळा होतो आणि पायाला पीळ घालतो.

३. घडी अशी घाला की खालचा पदर २.६ मीटर आणि वरचा २.२ मीटर राहील. घडी पायाकडे येते. खालच्या पदराचे जास्तीचे ४० सेमी टोपीवरून आणि उशीवरून उलटवायचे.

४. एक बाजू पूर्ण शिवा. दुसरी वरून ४० सेमी मोकळी सोडून शिवा, नाहीतर रात्री उठताना अडकाल. मोकळ्या भागाच्या शेवटी दुहेरी टाका मारा, फाटतं ते तिथेच.

वजन तीनशे-चारशे ग्रॅम भरतं. उरलेल्या पट्टीची उशीची खोळ होते.

तंबू

एका तंबूत एक माणूस, किंवा एकाच घरातली माणसं. हा नियम वजन वाढवतो म्हणून सगळ्यात आधी मोडला जातो. एकट्याला पूर्ण तंबू जड होत असेल तर ताडपत्री आणि मच्छरदाणी घ्या. डिसेंबरात पाऊस नसतो, प्रश्न दवाचा असतो. गडावर तंबू भाड्याने मिळतात, पण आदल्या रात्री त्यात कोण झोपलं होतं ते कळत नाही. घेतलाच तर दुपारीच लावून घ्या आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही दारं उघडी टाका.

जागा निवडताना देवळाजवळचा पाण्याकडचा सखल भाग टाळा. थंड हवा तिथे साचते आणि दवही जास्त पडतं. कोकणकड्याच्या धारेपासून निदान ५०-६० मीटर आत राहा. डिसेंबरात वारा बहुधा पूर्व-ईशान्येकडून असतो. तंबू वाऱ्याला आडव्या रांगेत लावा, म्हणजे एकाची हवा दुसऱ्याच्या दारात जात नाही. दोन तंबूंत चार-पाच पावलांचं अंतर ठेवा आणि दारं समोरासमोर येऊ देऊ नका. खालचं प्लॅस्टिक तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी ५ सेमी लहान असावं, बाहेर राहिलं तर दव त्यावरून आत उतरतं. कातळावर खुंटी जात नसेल तर ती दोरीत अडकवून जमिनीवर आडवी ठेवा आणि तिच्यापुढे, तंबूच्या बाजूने, मोठा दगड टेकवा. ताण आला की खुंटी दगडाला अडते. दोरी थेट दगडाला गुंडाळली तर धारेवर घासून तुटते.

थंडीमुळे लोक सगळ्या चेन बंद करून झोपतात, तिथेच चुकतं. माणसाच्या श्वासातून आणि कातडीतून रात्रभरात काहीशे मिलिलिटर पाणी बाहेर पडतं. दोन्ही टोकांचे झरोके उघडे ठेवा, जाळी लावून वरचं दार चतकोर उघडं ठेवा. पहाटे तंबूची आतली बाजू टपकत असेल तर रात्रभर हवा बदललेली नाही असं समजा. तंबूत एकाहून जास्त माणसं असतील तर तेच पाणी सांगतं की त्यांनी एकमेकांचा श्वास घेतला. पुढच्या मुक्कामाला आणखी उघडा आणि थंडीसाठी अंगावर एक थर चढवा.

नाइलाजाने गुहेत झोपावंच लागलं तर तोंडाकडच्या भागात झोपा, आत कोपऱ्यात नको. दोघांत २ मीटर अंतर, एकाचं डोकं इकडे तर शेजाऱ्याचं तिकडे, आणि मास्क. अमेरिकेतल्या ॲपलाचियन ट्रेलवरचे तीन भिंतींचे निवारे याच अडचणीचे. तिथे लोक एका फळीवर ओळीने झोपतात. २०२० च्या वसंतात ट्रेलची देखभाल करणाऱ्या संस्थेने चालणाऱ्यांना सरळ घरी जायला सांगितलं होतं.

वाटेवर आणि गावात

जीपच्या खिडक्या उघड्या आणि मास्क लावलेला, यात सूट नाही. दोन दिवसांच्या प्रवासाचा धोका बराचसा त्या बंद गाडीत असतो. मोकळ्या वाटेवर चढताना मास्क काढा, धाप लागलेली असताना तो घामाने ओला होतो आणि ओल्या मास्कातून श्वास नीट येत नाही. शिडी, कातळटप्पा, देवळाचा गाभारा, जिथे गर्दी तुंबते तिथे लावा. हरिहर गडाच्या उभ्या कातळपायऱ्यांसारख्या ठिकाणी पुढचा गट पूर्ण वर जाईपर्यंत खाली थांबा. माणशी पाच मास्क न्या आणि वापरलेले कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये ते ओलेच राहतात.

जेवण गावात सांगा. संसर्गाच्या भीतीने सगळं घरून नेलं तर ज्या घरांचं वर्ष ट्रेकर्सच्या पिठलं-भाकरीवर चालतं त्यांचं काय? आदल्या दिवशी फोन करा, आपली ताटं-पेले न्या, अंगणात बसून जेवा, घरात शिरू नका. नेटवर्कच्या भरवशावर राहू नका, सुटे पैसे पाकिटात घालून द्या. वर स्वयंपाक करणार असाल तर एकानेच रांधावं आणि वाढावं. फरसाणच्या एका पिशवीत सगळ्यांचे हात जातात, म्हणून तो ओतून द्यायचा.

हात साबणाने २० सेकंद धुवा, पाण्याच्या टाक्यापासून साठेक मीटर दूर. शौचासाठीही तेवढंच अंतर आणि १५-२० सेमी खोल खड्डा. सॅनिटायझर लावल्यावर हात पूर्ण वाळल्याशिवाय स्टोव्ह पेटवू नका. अल्कोहोलची ज्योत उन्हात दिसतही नाही आणि हात भाजतो. शेकोटी करू नका, हा गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो.

वाटेत कुणाला ताप आला तर

त्याला मास्क द्या, त्याचा तंबू वाऱ्याच्या खालच्या अंगाला हलवा, आणि एकाच माणसाने त्याच्याकडे पाहावं. पाणी, ओआरएस, आणि पॅरासिटामॉल चालत असेल तर ५०० मिलिग्रॅमची गोळी. ऑक्सिमीटर लावण्याआधी हात चोळून गरम करा. गार बोटांवर आणि नखपॉलिशवर आकडा खोटा कमी येतो. हरिश्चंद्रगडाच्या उंचीवर निरोगी माणसाचा आकडा ९४ च्या खाली जायला नको. गेला, किंवा बसल्याजागी धाप लागली, ओठ निळे पडले, बोलणं असंबद्ध झालं, तर सकाळची वाट न पाहता मदत मागवा. वर नेटवर्क बेभरवशाचं, म्हणून एक जोडी खाली पाठवून १०८ ला फोन करा. पाचनईची वाट उतरायला सगळ्यात सोपी आहे, पण अंधारात आजारी माणसाला उतरवताना गावातला माणूस सोबत घ्या. लक्षणं साधी असतील तर उजाडल्यावर सगळ्या गटाने उतरावं आणि जेवण दिलेल्या घराला तसं कळवावं.

हिमालयात हे निदान अवघड होतं. चार हजार मीटरवर ऑक्सिमीटरवर ऐंशीच्या घरातला आकडा निरोगी माणसालाही दिसू शकतो, आणि डोकेदुखी, थकवा, धाप हे उंचीच्या त्रासातही असतं. मात्र जोराचा ताप आणि वास जाणं ही सहसा उंचीची लक्षणं नव्हेत. कारण कोणतंही असो, धाप वाढत असेल तर उपाय एकच, खाली उतरणं.

घरी आल्यावर

सॅक बाल्कनीतच उघडा. लायनर गरम पाण्यात साबणाने धुवा, साबणाने विषाणूचं स्निग्ध आवरण फुटतं. स्लीपिंग बॅग दर वेळी धुवू नका, उलटी करून पाच-सहा तास उन्हात टाकली की पुरे. आजारी माणसाने वापरली असेल तरच सिंथेटिक बॅग ३० अंशांवर, सौम्य द्रव साबण घालून, पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये हळू फेरीवर धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर नको. उचलताना दोन्ही हात खालून घाला, ओला भराव स्वतःच्या वजनाने आतले टाके तोडतो. तंबूवर ब्लीच किंवा सॅनिटायझर फवारू नका, कापड आणि त्यावरचा जलरोधक थर खराब होतो. कोमट साबणपाणी, स्पंज, सावलीत वाळवणं. बॅग कोंबून न ठेवता सैल पिशवीत किंवा खुंटीला टांगून ठेवा, आणि भाड्याची असेल तर धुतली की नाही ते परत देताना दुकानदाराला सांगा.