माळ्यावरचं सी हॉक: जुनं प्लास्टिकचं विमान कोकणच्या हवेत कसं जोडावं

गणपतीच्या माटवीचं सामान काढायला माळ्यावर चढलो आणि पत्र्याच्या ट्रंकेत मामाचा खोका सापडला. मामा बोटीवर होता. घरी यायचा तेव्हा मोठ्यांना सेंटच्या बाटल्या नि आम्हा मुलांना एअरफिक्स या इंग्लिश कंपनीची, सुटे भाग जोडून बनवायची विमानं आणायचा. आणलेलं प्रत्येक विमान आम्ही त्याच सुट्टीत जोडून टाकायचो. हे एकच राहिलं होतं, १/७२ मापाचं सी हॉक. ते आपल्या 'विक्रांत' या विमानवाहू नौकेवरचं विमान, म्हणून मामाने सांगून ठेवलं होतं, "हात बसला की मगच उघड."

खोक्याचे कोपरे कसरीने खाल्लेले होते. आतली करडी फ्रेम, म्हणजे सगळे सुटे भाग ज्या दांड्यांना लागून येतात ती चौकट, मात्र शाबूत होती, आणि वास तोच होता. ज्यांनी लहानपणी हे केलंय त्यांना तो वास सांगायला नको.

विक्रांत ४ मार्च १९६१ रोजी नौदलात आली. डिसेंबर १९७१ मध्ये तिच्यावरून उडालेल्या सी हॉकनी कॉक्स बाझार आणि चितगावावर हल्ले केले. ही विमानं १९८३ पर्यंत सेवेत होती. ती जुनी विक्रांतही २०१४ मध्ये भंगारात तोडायला घेतली. हे विमान घरात असावं असं मला फार वाटतं. तुमच्याही माळ्यावर असा एखादा खोका असेल, तर तो कसा मार्गी लावायचा ते लिहितो. इंग्लंड-अमेरिकेतल्या कोरड्या हवेतले उपाय इथे जसेच्या तसे चालत नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि वाऱ्यात मीठ असतं, हे धरूनच काम आखायचं.

ट्रंक उघडल्यावर

पहिलं काम, ट्रंकेतल्या डांबरगोळ्या बाजूला करा. आपल्याकडे कपड्यांत, कागदांत सगळीकडे त्या टाकायची सवय असते. ही विमानं पॉलिस्टायरीनची असतात आणि डांबरगोळीतल्या नॅप्थलीनची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करते. गोळी चिकटून राहिली असेल तिथे खड्डाही पडतो. तिच्या जागी सिलिका जेलच्या पुड्या आणि सुका कडुलिंब ठेवा.

मग सगळे भाग सूचनापत्रकाशी ताडून बघा. पत्रक आणि डिकल्सचा, म्हणजे विमानावर पाण्याने चिकटवायच्या खुणांचा, कागद यांचा त्याच दिवशी फोटो काढून ठेवा, कारण कसरीला खळ आवडते आणि पत्रक गेलं की किट आंधळं होतं. जुन्या किटमध्ये मऊ टायर असतील तर ते प्लास्टिकपासून वेगळे करून ठेवा. वर्षानुवर्षं टेकून राहिले की ते चाकाच्या बशीत वितळून रुततात.

पंख वाकडा झाला असेल तर घाबरू नका. कौलाखालच्या उकाड्यात हे होतंच. हाताला चटका बसेल पण उकळणार नाही इतक्या गरम पाण्यात पंख मिनिटभर धरा, हलक्या हाताने सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. एका खेपेत झालं नाही तर दोनदा करा. उकळत्या पाण्यात मात्र घालू नका, पंखाची पापडी होईल.

जपायचं की जोडायचं

सीलबंद खोका फोडावा का, यावर संग्राहकांत कायमचे दोन तट आहेत. खोक्यावरचं चित्र हे अर्धं आकर्षण असतं हे मलाही मान्य आहे. रॉय क्रॉस यांनी १९६४ ते १९७४ या काळात एअरफिक्ससाठी केलेली चित्रं बघत आमची दुपार जायची. खोका धड असेल तर तो जरूर जपा. आतलं विमान मात्र कोकणात राहत असाल तर जोडा. इथे न जोडलेलं किट जसंच्या तसं राहत नाही. डिकल्सवर बुरशी धरते, कागद जातो, आणि वीस वर्षांनी हातात फक्त प्लास्टिक उरतं. जोडून रंगवलेलं विमान त्याहून कितीतरी जास्त टिकतं.

कधी काय करायचं

कापणं, घासणं, चिकटवणं ही कामं पावसाळ्यातली. बाहेर कोसळत असताना पडवीत बसून करण्यासारखं याहून चांगलं काम मला माहीत नाही. रंग दसऱ्यानंतर. पावसात स्प्रे मारला की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि रंग दुधट होतो. वरून मारायचं मॅट वार्निश तर हमखास पांढरं पडतं. गणपतीच्या शाळेत भर श्रावणात रंगकाम चालतं, मग आपल्याला काय झालं, असं मला वाटायचं. आमच्या गावच्या शाळेत जाऊन विचारलं. ते बहुतेक पाण्याचे रंग वापरतात, मूर्तीजवळ मोठा दिवा लावून ठेवतात, आणि एक हात पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा देत नाहीत. घाईच असेल तर तुम्हीही दिव्याची ऊब द्या. नाहीतर ऑक्टोबरची वाट बघा.

चाकं वर की खाली

हे गोंदाची बाटली उघडण्याआधी ठरवायला हवं, कारण नंतर बदलता येत नाही. सी हॉकचं पुढचं चाक नाकाखाली असतं. अशी विमानं चाकांवर उभी करायची तर नाकात वजन लागतं, नाहीतर शेपटी टेकते. पाग जाळ्याला लावतात ते शिशाचे मणी यासाठी उत्तम. धडाचे दोन भाग टेपने तात्पुरते बांधा, पंख लावून बघा आणि नाक आपणहून खाली झुकेपर्यंत एकेक मणी वाढवत जा. मग त्याहून एक जास्त.

मणी फेविकॉलने चिकटवू नका. अशा पांढऱ्या गोंदातून निघणाऱ्या आम्लाने शिसं हळूहळू पांढरं पडून फुगतं आणि काही वर्षांनी विमानाचं नाक आतून फाटतं. दमट हवेत हे लवकर होतं. आरल्डाइटमध्ये मणी पूर्ण बुडवा. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा. मुलं सोबत असतील तर शिशाऐवजी लहान स्टीलचे नट घ्या.

विमान टांगायचं असेल तर चाकं मिटवा, वजनाची गरजच नाही.

कापणं, घासणं, सांधणं

सगळे भाग फ्रेमसकट कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवून पंख्याखाली सुकवा. साचा सुटावा म्हणून कारखान्यात लावलेलं तेल अजून त्यावर असतं आणि त्यावर रंग धरत नाही. उन्हात, पत्र्यावर ठेवू नका.

भाग हाताने पिळून तोडायचे नाहीत. लहानपणी आम्ही तसंच करायचो आणि प्रत्येक पंखाला एक चावा घेतल्यासारखी खूण असायची. नेलकटरने जरा लांबून तोडा, उरलेलं बोंड कटरने सोलून काढा, मग ४०० आणि नंतर ६०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून घासा. कडेला पातळ पापुद्रा आलेला असतो, तोही कटरची धार आडवी धरून खरवडून काढा. साचा जितका जुना, तितका पापुद्रा जास्त.

गोंद लावण्याआधी प्रत्येक जोड कोरडाच बसवून बघा. ही पायरी टाळली की पुढचं सगळं काम वाढतं.

ट्यूबमधला जाड गोंद तारा सोडतो आणि कडेने ओघळतो. आमच्या जुन्या विमानांच्या काचेवर बोटांचे ठसे कायमचे उमटलेत ते त्यामुळेच. आता ब्रशची बाटली येते, पाण्यासारखा पातळ गोंद. दोन भाग जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक फक्त फटीला टेकवायचं. गोंद आपणहून फटीत ओढला जातो. हा गोंद चिकटवत नाही, दोन्हीकडचं प्लास्टिक विरघळवून एकजीव करतो. दहा सेकंदांनी जरा दाबलं की सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकचा बारीक मणका वर येतो. तो यायलाच हवा. एक दिवस थांबून तो घासला की जोड दिसतच नाही. खिडकी उघडी ठेवा, वास डोक्यात जातो.

सी हॉकमध्ये सगळ्यात अवघड जागा पंखाच्या मुळाशी आहे. या विमानाच्या शेपटीतून झोत निघत नाही. हवा घेणारी तोंडं पंखाच्या मुळाशी पुढे आणि इंजिनाचा झोत सोडणारी दोन नळकांडी तिथेच मागे, दोन्ही बाजूंना. त्यामुळे धड, पंख आणि नळकांडी एकाच ठिकाणी भेटतात आणि फट राहते. फ्रेमचे बारीक तुकडे गोंदाच्या जुन्या बाटलीत टाकून रात्रभर ठेवा, मधासारखा लगदा होतो. फट भरायला याच्याइतकं चांगलं काही नाही, कारण ते त्याच विमानाचं प्लास्टिक असतं. मोठ्या खड्ड्याला गाड्यांच्या रंगाच्या दुकानातली एनसी पुट्टी चालेल, पण पातळ थरांत. जाड भरली तर ती प्लास्टिक खाते.

जुन्या किटवर पत्र्यांच्या रेघा आणि रिबिट उठावाचे असतात, नव्यांवर ते कोरलेले असतात. बरेच लोक उठाव घासून काढून नव्या रेघा कोरतात. मी ते करत नाही. बोटाला लागणारे रिबिट हीच त्या काळाची खूण आहे. सांध्याजवळ जेवढं घासलं जाईल तेवढं जाऊ द्या.

कॅनोपीला, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेला, फेविक्विक लावू नका, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. इथे फेविकॉलचा बारीक थेंब योग्य. काचेवर ओरखडे असतील तर मऊ कापडावर टूथपेस्ट घेऊन पाच-दहा मिनिटं चोळा.

आधीच जोडलेलं, मोडकं सापडलं तर

प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. जुना ट्यूबचा गोंद गारठून ठिसूळ होतो, सकाळी सांध्यांवर हलकं पिळलं की भाग सुटतात. जुना इनॅमल रंग मोटारीच्या ब्रेक ऑइलमध्ये, डॉट ३ प्रतीच्या, भिजवून निघतो. आधी फ्रेमच्या तुकड्यावर करून बघा, हातमोजे घाला आणि कॅनोपी त्यात टाकू नका.

रंग

आधी करड्या प्रायमरचा विरळ फवारा. त्यात राहिलेल्या फटी उघड्या पडतात, त्या भरून पुन्हा फवारा. नौदलाचं सी हॉक वरून गडद करडं आणि खालून फिकट हिरवट असतं. आधी खालचा रंग द्या. हंब्रोलच्या १४ मिलिलिटरच्या डब्या मिळाल्या तर उत्तम, पण डबी हलवू नका, काडीने तळापर्यंत ढवळा. ब्रशने देणार असाल तर रंग टर्पेंटाइनने दुधाइतका पातळ करा, एका दिशेने ओढा आणि दोन हातांत पूर्ण एक दिवस जाऊ द्या. "एका हातात झाकायला बघू नको," हे मला गणपतीच्या शाळेत डोळे आखणाऱ्या काकांनी सांगितलं, आणि मूर्तीला ते जितकं लागू तितकंच विमानाला.

छटेची शंका आली तर गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जा. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात सी हॉक आणि ब्रेगे अलिझे दोन्ही उभी आहेत. चारही बाजूंनी फिरून बघा, पोटाखालूनही. माझा पंखाच्या मुळाचा गोंधळ तिथे पाच मिनिटांत सुटला.

डिकल्स

जुनी डिकल्स पिवळी पडलेली असतात. कागद बंद प्लास्टिकच्या पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. आठवडा-पंधरवड्यात उन्हाने पिवळेपणा उतरतो. हे जानेवारी-फेब्रुवारीत करा. पिशवीत ओल राहिली तर बुरशी येईल.

मग नको असलेलं एक डिकल पाण्यात टाकून परीक्षा घ्या. त्याचे तुकडे झाले तर बाकीच्या कागदावर ग्लॉस वार्निशचा एक सलग फवारा मारा, सुकवा आणि प्रत्येक खूण कडेला लागून कापा. विमानावरही आधी ग्लॉस हवा. खरखरीत रंगावर लावलं तर खाली हवा अडकून डिकल चंदेरी दिसतं. कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, बाहेर काढून कागदावरच राहू द्या, सरकायला लागलं की जागेवर सरकवा. उठावाच्या रिबिटवर बसत नसेल तर पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर ब्रशने लावा.

इंग्लिश किटमध्ये खुणा त्यांच्या नौदलाच्या, बाहेर निळं, मध्ये पांढरं, आत लाल वर्तुळ. लहानपणी आम्ही तीच चिकटवायचो आणि सुकल्यावर निळ्यावर केशरी, लालवर हिरवा रंग भरायचो. आपली खूण तशीच आहे, बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. आता भारतीय खुणांचे तयार संच मिळतात. मी मात्र मामाच्या सी हॉकवर ब्रशनेच भरलं. आधी पांढरा हात द्या, नाहीतर निळ्यावर केशरी मळकट दिसतो.

शेवटची तार आणि जागा

एरियलची तार फ्रेमच्या उरलेल्या दांडीतून काढायची. दांडी मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीला न टेकवता फिरवा. चकाकून मऊ झाली की बाजूला घ्या आणि दोन्ही हातांनी सावकाश ओढा. केसाइतकी तार निघते. पहिल्यांदा मामाने ती ओढून दाखवली तेव्हा आजी पडवीतून उठून बघायला आली होती. "ह्यां उडतलां काय रे?" तिने विचारलं होतं.

टांगायला मासे धरायचा बारीक तंगूस घ्या. दोन गाठी पंखांना, एक शेपटीला, आणि वर वाशाला एकच आकडा. नाक किंचित वर ठेवा, डेकवरून नुकतं उडाल्यासारखं. पश्चिमेच्या खिडकीपासून लांब, माजघरात टांगा. थेट ऊन डिकल्सना पुन्हा पिवळं करतं आणि खारा वारा धुळीला चिकट करतो. देवघराचीही फार जवळीक नको, उदबत्तीचा धूर पांढऱ्या वर्तुळावर बसतो. दिवाळीच्या साफसफाईत फडकं लावू नका, मऊ कोरड्या ब्रशने नाकाकडून शेपटीकडे झाडा. तार फडक्यात अडकली की तुटते. दांडीचा एक तुकडा म्हणूनच खोक्यात राखून ठेवा.